गरोदरपणातली मालिश : हात लावण्याआधी काय बघायचं

सातवा महिना लागला की बहुतेक घरांत तक्रारी सारख्याच असतात. रात्री कूस बदलताना कंबर धरते, पहाटे पोटरीत गोळा येतो, संध्याकाळी पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ दिसतात. मग घरातली मोठी बाई सुचवते, बाळंतपणासाठी जी मालिशवाली ठरवली आहे तिला आत्तापासूनच बोलाव, जरा अंग मोकळं होईल. लगेच दुसरं कुणी अडवतं, पोटुशीच्या अंगाला हात लावू नये, काही झालं म्हणजे? डॉक्टरांना विचारायचं ठरवलं तर तपासणीचा वेळ रक्त, साखर आणि सोनोग्राफीतच जातो, आणि कंबरेचा विषय तसाच राहतो.

माझं मत आधीच सांगते. तब्येत ठीक असलेल्या, गर्भारपणात कुठलीही गुंतागुंत नसलेल्या बाईला हलक्या हाताची मालिश चालते आणि तिचा फायदाही होतो. मात्र अंगाला हात लावण्याआधी ते नीट बघावं लागतं. थकलेल्या स्नायूचं दुखणं मालिशने हलकं होतं. सूज मात्र चोळून घालवायची गोष्ट नाही, ती आधी तपासायची असते. हा फरक न कळल्यामुळे जे नुकसान होऊ शकतं ते फार मोठं आहे, म्हणून पुढचा बराचसा लेख त्याबद्दल आहे.

गर्भारपणात शरीरातलं रक्त साधारण ४० ते ४५ टक्क्यांनी वाढतं. संप्रेरकांमुळे सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडतात. पोटाचा भार पुढे येतो, कंबरेचा बाक वाढतो आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. निम्म्याहून अधिक गर्भवतींना कधी ना कधी कंबरदुखी होते ती यामुळेच. काहींना मनगटातली नस दबल्यामुळे रात्री बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. कंबर, कुल्ले, खांदे, मान, तळपाय या ठिकाणी मालिशचा खरा उपयोग आहे, कारण तिथलं दुखणं बहुतांशी ताणलेल्या स्नायूंचं असतं.

यावर थोडं संशोधनही झालं आहे. अमेरिकेत मायामी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्पर्शाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिथल्या टिफनी फील्ड यांनी १९९९ साली २६ गर्भवतींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या जणींना मालिश आणि अर्ध्या जणींना शरीर सैल सोडण्याचे व्यायाम, दोन्ही वीस वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे. पहिल्या दिवशी दोन्ही गटांतल्या बायकांना बरं वाटलं, पायांचं दुखणं कमी झालं. पाच आठवड्यांनंतर मात्र झोप, मनःस्थिती आणि कंबरदुखी यांत सुधारणा झाल्याचं मालिश घेतलेल्या बायकांनीच सांगितलं. हा अभ्यास लहान आहे आणि त्यावर फार मोठे निष्कर्ष उभारता येत नाहीत. तरी घरोघरच्या अनुभवाशी तो जुळतो. रात्री झोप लागणं आणि सकाळी कंबर न धरता उठता येणं हे आठव्या महिन्यात थोडंथोडकं नाही.

याच्या पलीकडचे दावे मात्र सोडून द्यावेत. मालिशने डिलिव्हरी नॉर्मल होते, बाळाचं वजन वाढतं, पोटावर व्रण उठत नाहीत, असं खात्रीने सांगणारी बरीच माणसं भेटतात. व्रणांचं बघायचं तर कुठलंही तेल किंवा क्रीम ते टाळतं असं सिद्ध झालेलं नाही. ताणलेल्या कातडीची खाज तेलाने शमते, एवढं खरं. पण खाजेतही एक पोटभेद आहे. शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजू लागले आणि रात्री ती खाज वाढत असेल, तर तेल लावत बसू नका. यकृतातून पित्त वाहण्यात अडथळा आल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्याचा बाळालाही धोका असतो. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

पहिल्या तीन महिन्यांचं काय? मालिशमुळे गर्भपात होतो असा पुरावा नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, त्यात आईने काय केलं किंवा केलं नाही याचा संबंध नसतो. हे मुद्दाम लिहिते आहे. एखादीने पाय चेपून घेतले, चार दिवसांनी दुर्दैवाने गर्भ पडला आणि मग घरच्यांनी तिला नाही तर मालिशवालीला आयुष्यभर दोष दिला, असं होता कामा नये. तरीही या महिन्यांत पूर्ण अंगाची मालिश करू नये असं मला वाटतं. मळमळीत तेलाचा वास सोसत नाही, आणि गर्भाशयातच गर्भ रुजला आहे, सगळं ठीक आहे, हे सोनोग्राफीत कळलेलं बरं. तोवर डोक्याला तेल, खांदे, पावलं एवढं पुरे.

आता सुजेकडे वळू.

दिवसभर उभं राहिल्यावर दोन्ही घोट्यांवर सारखी सूज येणं आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळपर्यंत ती ओसरणं, हे बहुतेक जणींना होतं. त्यात घाबरण्यासारखं नाही. पण मालिश करण्याआधी दर वेळी दोन्ही पाय उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो का? एका पोटरीची कातडी तकतकीत, लालसर झाली आहे का? हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहा, एक पोटरी जास्त गरम लागते का? चालताना एकाच पोटरीत ठणका येतो का? शिवणकामाची टेप असेल तर दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर मोजा. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर पायाला अजिबात हात लावू नका. फरक कमी असला, पण पोटरी दुखते आहे आणि गरम लागते आहे, तरी हेच लागू.

गर्भारपणात रक्त लवकर गोठतं. प्रसूतीत रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. पण तिच्यामुळेच पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार ते पाच पट वाढतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडेही तो टिकून असतो. गुठळी जास्त करून डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेवरून उजवीकडची धमनी जाते आणि तिला दाबते. अशी पोटरी जोर लावून रगडली तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. तेव्हा धाप लागते, छातीत दुखतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून एका पायाची सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत धाप लागत असेल तर वाट न बघता १०८ ला फोन करा. आणि पायात काही दोष नसला तरी गर्भवतीच्या पोटरीवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला कधीही खोल दाब देऊ नये. तिथे तळहाताने हलकेच, पावलाकडून वर, एवढंच. फुगलेल्या निळ्या शिरांवर तेवढंही नको.

दुसरी सूज चेहऱ्याची आणि हातांची. बांगड्या अचानक रुतू लागल्या, अंगठी निघेना, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं दिसलं, तर रक्तदाब बघायला हवा. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला की डॉक्टर सावध होतात. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही गर्भारपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजाराची पुढची लक्षणं, आणि यातून झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. इथे एक भीती मला कायम वाटते. पायांना आणि हातांना तेल लावून सूज थोडी उतरल्यासारखी वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि दोन दिवस वाया जातात. रक्तदाब मोजायला पाच मिनिटं लागतात. आशाताईंना सांगा, जवळच्या आरोग्य केंद्रात जा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. मात्र अशी लक्षणं असताना ९ तारखेची वाट बघायची नाही.

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, पोट ठरावीक अंतराने कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, ताप, यातलं काहीही असेल त्या दिवशी मालिश नाही, थेट डॉक्टर. वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलं असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, आधीचं मूल फार लवकर जन्मलं असेल, जुळी असतील किंवा पूर्वी कधी पायात गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश सुरू करू नये. वारंवार गर्भपात झालेल्या काही जणींना रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं रोज पोटात घ्यावी लागतात. त्यांच्या अंगावर थोड्या दाबानेही काळे-निळे डाग पडतात. मालिश करणाऱ्या बाईला हे आधी सांगून ठेवा.

पोटाबद्दल मला वेगळं आणि ठामपणे लिहायचं आहे. पोटावर दोन बोटं तेल लावून तळहात अलगद फिरवणं ठीक आहे, ते आईने स्वतःच करावं. पण पोट चोळणं, ‘बाळ आडवं आहे, सरळ करून देते’ म्हणून दोन्ही हातांनी ढकलणं, पोट बसवणं, हे कितीही अनुभवी हात असला तरी करू देऊ नका. जुन्या सुइणींच्या हातात कसब होतं हे मी मानते. गावोगाव दवाखाने नव्हते तेव्हा त्यांनी हजारो बायकांना सोडवलं. पण गर्भाशयात वार कुठे चिकटली आहे आणि नाळ बाळाच्या मानेभोवती आहे का, हे हाताला कळत नाही. जोराच्या दाबाने वार बाळंतपणाआधीच सुटू शकते, आणि मग आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. आधी सिझेरियन झालेल्या बाईच्या गर्भाशयावरचा जुना व्रण फाटण्याचाही संभव असतो. पायाळू बाळ बाहेरून फिरवण्याची पद्धत आधुनिक वैद्यकातही आहे. पण ती साधारण ३६ ते ३७ आठवड्यांना, रुग्णालयात, सोनोग्राफी करून, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून आणि लागलीच सिझेरियन करता येईल अशी तयारी ठेवून करतात. घरातल्या चटईवर ते शक्य नाही.

तेलाची निवड लोक समजतात तेवढी अवघड नाही. साधं खोबरेल किंवा तिळाचं तेल पुरेसं आहे. नवीन तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा, कारण गर्भारपणात कातडी हळवी होते. सांधेदुखीला खोबरेलात कापूर घालून तेल करण्याची आपल्याकडे रीत आहे, ते या महिन्यांत नको. कापूर कातडीतून शोषला जातो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो. तीव्र वासाची सुगंधी अर्क-तेलंही डॉक्टरांना न विचारता वापरू नयेत.

पण कापरापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानात न विचारता मिळणाऱ्या वेदनाशामक मलमांची. कंबर दुखली की घरातली ट्यूब उचलून लावली जाते, आणि मालिशच्या वेळी तीच भरपूर चोळली जाते. तिच्यावरचं नाव वाचा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा मिथाइल सॅलिसिलेट असं लिहिलेलं असेल तर ती बाजूला ठेवा. या जातीची औषधं विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. मलमातून औषध गोळीपेक्षा कमी शोषलं जातं हे खरं, पण मोठ्या भागावर रोज चोळायचं ठरवलं तर ते प्रमाण कमी राहत नाही.

तेल कोमट असावं. मालिशनंतर कडकडीत पाण्याची आंघोळ, वाफ, शेक नको. अंगाचं तापमान फार वाढणं बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हानिकारक असतं. ज्यांचा आयुर्वेदावर विश्वास आहे त्यांच्यासाठी सांगते, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही ज्यांना स्वेदन देऊ नये त्यांच्या यादीत गर्भिणी आहे. नवव्या महिन्यात तेलाची बस्ती आणि पिचू ही संहितेत आलेली परिचर्या आहे, पण ती वैद्यांनी, प्रसूतितज्ज्ञांना कल्पना देऊन करायची, घरी करून बघायची नाही. आणि एक अगदी साधी गोष्ट : तेलकट तळपायांनी गुळगुळीत फरशीवरून न्हाणीघरात जाताना पाय घसरतो. मोठ्या पोटाने तोल सावरत नाही. मालिश संपली की तिथेच पावलं कोरड्या पंचाने पुसा, मगच उठा, आणि उठताना कुणाचा तरी हात धरा.

प्रत्यक्ष मालिश कशी करायची ते सांगते. नवऱ्याने केली तर सगळ्यांत उत्तम, कारण त्याला कसब लागत नाही, फक्त घाई नको. जेवणानंतर तास-दीड तास गेलेला असावा. लघवीला जाऊन या. विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपून मालिश घ्यायची नाही, गर्भाशयाच्या वजनाने पोटातली मोठी शीर दबते, चक्कर येते, घाम सुटतो. पालथं तर झोपायचंच नाही. डाव्या कुशीवर झोपा. एक उशी डोक्याखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये आणि एक लहान उशी पोटाखाली, म्हणजे पोट लोंबत नाही आणि कंबरेवरचा ताण तिथेच निम्मा कमी होतो. झोपणं जमत नसेल तर खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या टेकणीवर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेका.

मालिश करणाऱ्याने पाठीमागे बसावं. तळहातांवर तेल चोळून हात गरम करावेत. कंबरेपासून खांद्यापर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, तळहात सपाट ठेवून सावकाश वर जावं आणि बरगड्यांच्या बाजूने खाली यावं. मणक्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही. मग कुल्ल्याच्या मांसल भागावर तळहाताच्या टाचेने गोल गोल, कणीक तिंबताना लावतो त्याहून कमी जोराने. कंबरेच्या खालच्या त्रिकोणी हाडावर तळहात ठेवून नुसता स्थिर दाब द्या, तो बहुतेकींना फार सुखावतो. खांदे आणि मान चिमटीत न धरता अंगठ्यांनी हळू दाबावी. शेवटी तळपाय, बोटं, घोटे. दर थोड्या वेळाने विचारायचं, जोर बरा आहे का? दुखतं पण बरं वाटतं, असं ती म्हणाली तरी जोर कमी करावा. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे, आठवड्यातून दोनदा. मध्येच पोट कडक झालं, चक्कर आली, श्वास लागला तर थांबायचं.

पहाटेच्या गोळ्याला चोळण्यापेक्षा ताणणं बरं. गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं नडगीकडे ओढा, गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा. गोळा सुटल्यावरही दुखत राहिलं तर वर सांगितल्याप्रमाणे पाय तपासा.

मालिशवाली बाई बोलवत असाल तर पहिल्याच दिवशी तिच्याशी मोकळेपणाने बोला. बऱ्याच मावश्यांना सवय असते ती बाळंतिणीची, म्हणजे प्रसूतीनंतर रगडून, पाय ओढून, कंबर बांधून करायच्या मालिशची. तीच पद्धत आठव्या महिन्यात चालत नाही. ‘मावशी, पोटाला हात नको, पोटरीला जोर नको, पालथं झोपवायचं नाही, कंबर मोडायची नाही,’ एवढं स्पष्ट सांगावं. नखं कापलेली, अंगठी आणि बांगड्या उतरवलेल्या, हात साबणाने धुतलेले असावेत. चांगली मावशी याचा राग धरत नाही, उलट आपल्याला विचारतेही, कुठवर हात नेऊ? स्पामध्ये जात असाल तर समोरच्या मुलीने गर्भवतींच्या मालिशचं शिक्षण घेतलं आहे का, हे आधी विचारा. जाहिरातीतल्या मंद दिव्यांवरून ते कळत नाही. हातात धरून चालवायची धडधडणारी मालिश यंत्रं पोट, कंबर आणि पोटऱ्यांपासून लांब ठेवा.

शेवटच्या महिन्यात आणखी एक मालिश आहे, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पहिलटकरणीने साधारण ३५व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा, स्वच्छ हाताने, थोडं साधं तेल लावून योनिमार्गाच्या खालच्या भागाला अंगठ्यांनी हळू ताण दिला, तर प्रसूतीत टाके पडण्याचं प्रमाण काहीसं कमी होतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा वार खाली असेल तर हे करायचं नाही. पद्धत डॉक्टर किंवा नर्सकडून समजून घ्या, संकोच करू नका.

आणि कळा सुरू झाल्यावर कंबरेच्या त्या त्रिकोणी हाडावरचा स्थिर दाब पुन्हा कामाला येतो. कळ येताना तळहाताने दाबून धरायचं, कळ ओसरली की सोडायचं. कळांच्या पहिल्या टप्प्यात मालिशने वेदना थोडी सुसह्य होते असं अभ्यास सांगतात. त्यासाठी सोबतीला कुणीतरी हवं. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबत स्त्री नातेवाईक असू द्यावी अशी केंद्र सरकारची सूचना २०१६ पासून आहे. खाजगी रुग्णालयांत नियम वेगवेगळे असतात. तुमच्या रुग्णालयात प्रसूतिकक्षात कोण येऊ शकतं हे आठव्या महिन्याच्या तपासणीतच विचारून ठेवा, आणि जी सोबत येणार आहे, आई, बहीण, सासूबाई, तिच्याकडून हा दाब घरी एक-दोनदा करवून घ्या.